पर्समध्ये मावतं

गार्गी मोने आणि अनिमेष सबनीस यांची ओळख सेरंगून स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर झाली. गार्गी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघायची. रोज सकाळी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं, तेही बहुधा उभ्यानेच. तेवढ्या वेळात ती तळहाताएवढ्या गेमिंग मशीनवर शेती करायची. नांगरट, पेरणी, कोबी, भोपळे. त्या दिवशी फोनवर मुलीला डबा कुठे ठेवलाय ते सांगून ती मशीनकडे वळली, तर शेजारी उभा असलेला माणूस मराठीत म्हणाला, "कोबी तयार झालाय. आता पाणी घालून उपयोग नाही."

तो अनिमेष. पुण्याचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या परवान्यावर, आलेला. त्याच्याही बॅगेत एक मशीन होतं, तिच्यापेक्षा बरंच ताकदवान, म्हणजे हातात धरून खेळायचा अख्खा कॉम्प्युटरच. हार्बरफ्रंट येईपर्यंत त्याने तिला ते खेळायला दिलं आणि स्वतः तिच्या भोपळ्यांकडे बघत उभा राहिला. पुढे दोघं एकाच गाडीने जाऊ लागले. अनिमेषच्या बायकोशी, ऋचाशी, गार्गीची मैत्री झाली. गार्गीचा नवरा अश्विन आणि अनिमेष रविवारी बॅडमिंटन खेळू लागले. परदेशात माणसं लवकर घरची होतात, तसंच हे.

चॅनलची कल्पना अनिमेषची. असले हातातले कॉम्प्युटर तेव्हा भराभर बाजारात येत होते आणि त्यांच्याबद्दल मराठीत कोणी धड बोलत नव्हतं. जे बोलत होते ते प्रोसेसरबद्दल बोलत होते. "तू प्रोसेसरबद्दल बोलूच नकोस," अनिमेष तिला म्हणाला. "तू फक्त ते घेऊन ऑफिसला जा. मी शूट करतो."

चॅनलचं नाव ठेवलं 'मावतं का?'. तंत्राचा भाग अनिमेष सांगायचा. मग गार्गी ते मशीन आपल्या रोजच्या पर्समध्ये, डबा, छत्री, पाण्याची बाटली यांच्या सोबतीला कोंबायची, गर्दीच्या गाडीत चढायची, उभ्याने खेळायची आणि हार्बरफ्रंटला उतरून विवोसिटी मॉलच्या गच्चीवर, समोर सेंटोसा बेट आणि केबल कार, तिथे उभी राहून निकाल द्यायची. मावतं किंवा मावत नाही. तिचे हात लहान होते, मनगटं बारीक. तिला जे जमेल ते कोणालाही जमेल, असं प्रेक्षकांचं मत झालं. नाशिकहून, साताऱ्याहून, स्टुटगार्टहून लोक विचारायचे, गार्गीताई काय म्हणाल्या?

एक गोष्ट मात्र होती. गार्गी स्वतःचे व्हिडिओ कधी बघत नसे. आपला आवाज तिला नाकातून आल्यासारखा वाटायचा. शूटिंग झालं की तिचं काम संपलं. कापणं, जोडणं, टाकणं सगळं अनिमेषकडे. त्यात कधी काही वावगं झालं नव्हतं.

मशीनं मात्र दर वर्षी वाढत चालली होती. स्क्रीन मोठी, मग तिला पुरेल अशी बॅटरी मोठी, मग ते तापू नये म्हणून पंखा मोठा, मग हे सगळं पेलायला दोन्ही बाजूंना मुठी मोठ्या. यावरून गाडीत त्यांचे वाद व्हायचे.

"लोकांना मोठी स्क्रीन हवी आहे," अनिमेष म्हणायचा. "नव्या गेम्समधली अक्षरं लहान स्क्रीनवर वाचता येत नाहीत."

"मग लॅपटॉप घ्यावा की. हातात धरायचं म्हणून विकतात ना?"

"हात काय फक्त तुझेच आहेत?"

"माझेही आहेत," गार्गी म्हणायची, आणि दोघं हसायचे.

मग कॅसवारी आलं. नवीन कंपनीचं पहिलंच मशीन. कंपनीने बाजारात येण्याआधीच 'मावतं का?'कडे पाठवलं, याचं गार्गीला अप्रूप वाटलं होतं. दोघांनी खोका उघडला. स्क्रीन खरोखरच देखणी होती. रंग असे की हात लावावासा वाटावा. पण एका हाताने उचलताना गार्गीने आपोआप दुसरा हात लावला.

दुसऱ्या दिवशी शूटिंग केलं. पर्समधून डबा काढून ठेवावा लागला, छत्री काखेत धरावी लागली. गाडीत मशीन बाहेर काढल्यावर तिचं कोपर एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्याला लागलं आणि पंख्याची गरम हवा समोर उभ्या माणसाच्या शर्टावर जाऊ लागली. तो दोनदा मागे सरकला. लिटल इंडिया स्टेशनपर्यंत तिची मनगटं दुखायला लागली होती. गच्चीवर उभी राहून ती जे बोलली ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण वारा आला म्हणून अनिमेषने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं होतं.

"पर्समध्ये मावतं. पण मग पर्समध्ये दुसरं काहीच मावत नाही. स्क्रीन फार सुंदर आहे, पण उभ्याने ते मला अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा धरवलं नाही. हे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचं मशीन आहे. सोबत नेण्यासाठी घेत असाल तर घेऊ नका."

"झकास," अनिमेष म्हणाला होता. नेहमीसारखाच.

त्याच आठवड्यात गार्गीच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती पुण्याला गेली. तिथे हॉस्पिटल, डबे, रात्रीची जाग यात तिला चॅनलची आठवणही राहिली नाही. एकदा अनिमेषचा मेसेज आला, कॅसवारीचा व्हिडिओ जोरात चाललाय, बाबांची काळजी घे. तिने अंगठा पाठवला.

परत आल्यावर अकरा वर्षांची अवनी जेवताना म्हणाली, "ममा, तू ते बिग वालं फिट होतं म्हणालीस? इट्स लाइक अ चॉपिंग बोर्ड, लाह."

"नाही गं, मी नाहीच म्हणाले," गार्गी म्हणाली आणि वाढायला उठली. पोरीने अर्धवट बघितलं असेल असं तिला वाटलं.

नीलिमाताई पाटणकरांचा फोन आला तो त्यानंतर. त्या चॅनलच्या अगदी सुरुवातीपासूनच्या प्रेक्षक, बेडोकला राहायच्या. बँकेतून निवृत्त, इथल्या नागरिक होऊन बरीच वर्षं झालेली. प्रत्येक व्हिडिओखाली त्यांचं काहीतरी असायचंच. "तुझ्याशी जरा बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "रविवारी चहाला येशील का?"

गार्गी गेली. जाताना हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या गाळ्यावरून गरम शेंगदाण्याची पॅनकेक घेतली. फ्लॅट नीटनेटका होता. सोफ्यावर उल्हासराव बसले होते, नीलिमाताईंचे यजमान, सडपातळ, डाव्या हातावर बँडेज. टीव्हीशेजारी, स्टँडवर, कॅसवारी उभं होतं. नीलिमाताईंच्या उजव्या मनगटाला पट्टा होता.

"यांचं डायलिसिस असतं आठवड्यातून तीनदा," चहा ओतता ओतता नीलिमाताई म्हणाल्या. ओतायला त्या डावा हात वापरत होत्या. "तिथे खूप वेळ बसावं लागतं. यांना वाचवत नाही, डोळे थकतात. म्हणून मी शेजारी बसून खेळते आणि हे बघतात. आमची एक रेल्वेची गेम आहे. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची. मी टाकते आणि हे चुका काढतात."

"चुका असतात म्हणून काढतो," उल्हासराव म्हणाले.

"आधीचं लहान होतं, ते यांना दिसायचं नाही. मोठं घ्यायला हवं होतं, पण तिथवर नेता आलं पाहिजे, आणि यांना दिसेल असं हातात धरता आलं पाहिजे. मी म्हटलं, गार्गी काय म्हणते ते बघू. बाकी कोणाचं मी ऐकत नाही." त्यांनी पट्टा जरा सरकवला. "आठवडाभर नेलं. मग हे मनगट गेलं. डॉक्टर म्हणाले, धरणं बंद. आता ते घरीच असतं. स्क्रीन खरंच छान आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण डायलिसिसला आम्ही पुन्हा नुसतेच बसतो."

"पण नीलिमाताई, मी तर घेऊ नका म्हणाले होते."

नीलिमाताईंनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, पण बघतच राहिल्या. "नाही गं. तू मावतं म्हणालीस. मी दोनदा बघितलं."

"असं कसं होईल?"

उल्हासरावांनी टीव्हीवर व्हिडिओ लावला.

गार्गीने कितीतरी वर्षांनी स्वतःला बघितलं. विवोसिटीची गच्ची, मागे केबल कार, वाऱ्याने उडणारे केस. टीव्हीतली गार्गी म्हणाली, "स्क्रीन फार सुंदर आहे." मग चित्र क्षणभर मशीनवर गेलं, परत तिच्यावर आलं. "पर्समध्ये मावतं." ती हसत होती. ते हसू कशाचं हेही तिला आठवलं. निकाल सांगून झाल्यावर समोरून एक कुत्रा मालकिणीला ओढत गेला होता, त्याला ती हसली होती. मग चॅनलचं नाव आलं आणि व्हिडिओ संपला. गाडीतलं कोपर नव्हतं, गरम हवा नव्हती, काखेतली छत्री नव्हती.

"पुन्हा लावता?" ती म्हणाली.

पुन्हा लावला. आवाज तिचाच होता, शब्द तिचेच होते. खोटा एकही नव्हता.

"हे कापलंय," गार्गी म्हणाली. "मी पुढे बोलले होते. बरंच बोलले होते."

"कोणी कापलं?" नीलिमाताईंनी विचारलं.

गार्गीला ते नाव तोंडातून काढवेना. "मी बघते," एवढंच म्हणून ती उठली. दारात नीलिमाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात नसता ठेवला तर बरं झालं असतं, असं तिला लिफ्टमध्ये वाटलं.

अनिमेषला तिने त्याच संध्याकाळी त्याच्या ब्लॉकखालच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या साध्या दुकानात, बोलावलं. तो कोपीचे दोन कप घेऊन आला, तिच्या कपात साखर कमी, न विचारता. बाबा कसे आहेत, वॉकर घेऊन चालतात का, असं सगळं त्याने विचारलं. तिने उत्तरं दिली आणि मग म्हणाली, "मी आज कॅसवारीचा व्हिडिओ बघितला."

अनिमेषचा चमचा कपातच थांबला. "तू तर बघत नाहीस."

तो हेच बोलला. चुकून झालं, घाईत झालं, कंपनीने केलं, यातलं काही नाही. तू बघत नाहीस. गार्गीला त्या एका वाक्यात सगळं कळलं. तिच्या न बघण्यावर त्याने भरवसा ठेवला होता.

"का केलंस?"

"शब्द तुझेच आहेत, गार्गी."

"ते मलाही दिसलं. का केलंस?"

शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे बिअर घेऊन बसले होते. अनिमेषने त्यांच्याकडे बघत खालच्या आवाजात सांगितलं. त्याची टीम वर्षअखेरीस बंद होणार होती. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. ऋचाला सातवा महिना होता. कॅसवारीवाले इथे ऑफिस उघडत होते आणि त्यांना त्याच्यासारखा माणूस हवा होता. व्हिडिओ कसा येतो ते बघू, असं ते म्हणाले होते. स्पष्ट काही म्हणाले नव्हते.

"आणि मिळाली?"

"एक तारखेपासून. पासचं झालंय."

गार्गीने कप बाजूला सरकवला. तिला वाईट वाटलं, त्याच्यासाठीसुद्धा. मग तिला आठवलं की हे सगळं चालू असताना तो रोज सकाळी तिच्या शेजारी उभा होता. टीम बंद होणार हे माहीत असताना तिच्या भोपळ्यांची थट्टा करत होता.

"मला विचारलं असतंस तर?" ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाही म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

"निदान माझा भाग सगळाच काढून टाकायचास. फक्त स्वतः बोलायचंस."

"माझ्या बोलण्यावर कोण घेतं?" अनिमेष म्हणाला. "लोक तुझं ऐकतात."

त्याला ते कौतुक वाटत असावं. गार्गीने नीलिमाताईंबद्दल सांगितलं. मनगट, डायलिसिस, रेल्वेची गेम. तो ऐकत राहिला. मान खाली होती. मग म्हणाला, "त्यांना परत करता येईल. मी आत ओळख काढून बघतो."

"मूळ शूटिंग दे मला. पूर्ण."

"उडवलं मी ते."

ते खरं की खोटं हे तिला कळलं नाही, आणि आपण आता त्याच्या बाबतीत हे ओळखू शकत नाही याचाच तिला जास्त धक्का बसला. कोपी तशीच ठेवून ती उठली.

घरी अश्विनने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "त्याची अडचण खरी आहे."

"मी कुठे खोटी म्हणते?"

"मग काय करणार आहेस?"

"जे म्हणाले होते ते पुन्हा म्हणणार आहे."

तिने नीलिमाताईंचं कॅसवारी मागून आणलं आणि तोच प्रवास पुन्हा केला. या वेळी अश्विनने फोनवर शूट केलं. मधे हात हलला, एका ठिकाणी त्याचं बोट आलं. गच्चीवर तिने तीच वाक्यं म्हटली. आधीच्या व्हिडिओत माझं अर्धंच बोलणं ठेवलं होतं, पूर्ण बोलणं हे असं होतं, एवढंच वर सांगितलं. अनिमेषचं नाव घेतलं नाही. चॅनलचा पासवर्ड तिच्याकडेही होता आणि तो त्याने बदलला नव्हता. तिने स्वतःच व्हिडिओ टाकला.

तिला वाटलं होतं, लोकांना कळेल. काहींना कळलंही. पण बाकीच्यांनी भलतंच लिहिलं. आधी मावतं, आता मावत नाही. ताई, यावेळी दुसऱ्या कंपनीने मशीन पाठवलं का? आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून घेतलं. साताऱ्याच्या एका बाईंनी फक्त लिहिलं होतं, मग खरं कुठलं समजायचं? त्याला गार्गीने चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. स्वतःच्याच तोंडचे दोन निकाल शेजारी शेजारी होते, आणि ज्याला आतली गोष्ट माहीत नाही त्याने कुठला धरावा हे तिलाही सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी चॅनलचा पासवर्ड बदलला. तिचा व्हिडिओ काढलेला नव्हता. पण तिला आता काही टाकताही येणार नव्हतं. अनिमेषचा मेसेज आला, कंपनीचं म्हणणं आहे की सध्या चॅनल शांत ठेवावं, तू समजून घे. तिने उत्तर दिलं नाही. सकाळी ती लवकरच्या गाडीने जाऊ लागली.

ऋचाचा फोन आला तो डोहाळजेवणासाठी. दुपारची वेळ होती, गार्गी ऑफिसखाली जेवायला आली होती. ऋचाचा आवाज नेहमीसारखाच लाघवी. "तुला यायलाच हवं. माझ्या आईला व्हिसा नाही मिळाला वेळेत. ओटी तूच भरायची."

"ऋचा, मला नाही जमणार."

"अगं, त्या व्हिडिओवरून तुमचं काहीतरी बिनसलंय ना? अनिमेष म्हणाला मला. पण तुम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं ना ते? त्याच्या नोकरीसाठी तू हो म्हणालीस, ते मी कधी विसरणार नाही. मग नंतर तुला लोकांचं टेन्शन आलं, तेही समजू शकते मी."

समोर ताटात भात गार होत होता. गार्गीने चमचा खाली ठेवला. तर घरात त्याने हे सांगितलं होतं. तिचं वाक्य कापलं होतं, आणि जे ती कधी म्हणालीच नव्हती ते तिच्या नावावर घातलं होतं. हो म्हणालीस. जो शब्द मिळणार नाही म्हणून त्याने तिला विचारायचंच टाळलं, तोच.

तिकडे सातवा महिना होता. आई येणार नव्हती. गार्गी हे सगळं जाणून होती, आणि 'बरं, बघते' म्हणून फोन ठेवणं किती सोपं होतं हेही. अनिमेषने तेच गृहीत धरलं असेल, की गार्गी ऋचाला काही बोलणार नाही.

"ऋचा," ती म्हणाली, "मी हो म्हणाले नव्हते. मला त्याने विचारलंच नव्हतं. मला ते नीलिमाताईंच्या टीव्हीवर कळलं."

ऋचाच्या मागे कुठेतरी वॉशिंग मशीन फिरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"पण तो तर म्हणाला," ऋचा म्हणाली आणि थांबली. मग अगदी हळू, "तू रडलीस म्हणे. त्याच्यासाठी. असं सांगितलं त्याने."

"नाही. तसं काही झालं नाही."

"बरं," ऋचा म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "बरं, गार्गी." आणि फोन ठेवला.

डोहाळजेवण झालं की नाही ते गार्गीला कळलं नाही. दोन महिन्यांनी मुलगी झाल्याचं अश्विनकडून कळलं. तिने लहान मुलीची दोन झबली पाठवली, ऋचाच्या नावाने. ऋचाचं उत्तर आलं, मिळाली, बरोबर बसली. अनिमेषचं काही आलं नाही, आणि तिनेही वाट बघितली नाही.